हेरिटेज रेल्वेवर स्वयंसेवक व्हायचंय? मग शंटिंग यार्डातून सुरुवात करा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये आलेल्या रेल्वेवेड्या मराठी माणसाला कधी ना कधी शोध लागतोच, की इथे हौशी लोकांनी चालवलेल्या जुन्या रेल्वे आहेत आणि तिथे आपल्यालाही काम करता येतं. मग पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वाफेचं इंजिन चालवायला कधी मिळेल?" खरं उत्तर असं, की बऱ्याच वर्षांनी, आणि तेही मिळालं तर. वाफेच्या इंजिनांसाठी रांग लांब असते. यार्डातल्या शंटिंगला, म्हणजे डबे लावणं, काढणं, इंजिन फिरवून दुसऱ्या टोकाला आणणं या कामाला मात्र माणसं कायम कमी पडतात. रेल्वे खऱ्या अर्थाने शिकायची असेल तर जागा तीच आहे, असं माझं ठाम मत आहे. फलाटावर झेंडा दाखवणाऱ्यापेक्षा यार्डात हे काम करणाऱ्या शंटरला रेल्वे जास्त कळते. यावर गार्ड मंडळी माझ्याशी वाद घालतात, घालोत.

शंटिंग इंजिनाला कमी लेखणाऱ्यांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. वेल्समधली टालिथ्लिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि या चळवळीची सुरुवात झाली. ती नॅरोगेज. स्टँडर्ड गेजवर, म्हणजे ब्रिटनच्या नेहमीच्या रुंदीच्या रुळांवर, हा मान लीड्सच्या मिडलटन रेल्वेचा. जून १९६० मध्ये तिथे स्वयंसेवकांनी पहिली गाडी चालवली ती वाफेवर नव्हे, तर लीड्सच्याच हन्स्लेट कंपनीने १९३२ मध्ये बांधलेल्या एका डिझेल शंटरवर (शंटिंगच्या इंजिनालाही शंटरच म्हणतात). मागे डबा होता तोही वेल्समधल्या बंद पडलेल्या ट्रामचा.

आधी इंजिनं ओळखा

ब्रिटनच्या हेरिटेज रेल्वेवर सगळ्यात जास्त भेटतो तो 'क्लास ०८'. १९५२ ते १९६२ या काळात ब्रिटिश रेल्वेने असे ९९६ शंटर बांधले. डर्बी, क्रू, डार्लिंग्टन, डॉनकास्टर, हॉरविच अशा अनेक कारखान्यांतून ते बाहेर पडले. आत इंग्लिश इलेक्ट्रिकचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद साधारण ३५० ते ४०० अश्वशक्ती, आणि पूर्ण जोरातही मिनिटाला जेमतेम ६८० फेरे. ते जनरेटर फिरवतं आणि विजेवर चाकं फिरवणाऱ्या दोन ट्रॅक्शन मोटर चालतात. कमाल वेग ताशी १५ ते २० मैल. हा आकडा बघून हसू नका. या इंजिनाचं काम पळणं नाही, ओढणं आहे: सुमारे ५० टन वजनाचं हे धूड उभ्या गाडीला जवळपास १६ टनांच्या जोराने ओढ देतं. चाकं चौकटीच्या आत आणि त्यांना जोडणारे दांडे बाहेर, त्यामुळे हळू चालताना ते दांडे खालीवर होताना स्पष्ट दिसतात. रेल्वेप्रेमी याला लाडाने 'ग्रॉंक' म्हणतात. मुख्य रेल्वेवरही यातले काही अजून कामावर आहेत.

दुसरा 'क्लास ०३': छोटा, साधारण ३० टनांचा, गार्डनरच्या २०४ अश्वशक्तीच्या इंजिनावर चालणारा. याच्यात ट्रॅक्शन मोटर नाहीत, गिअरबॉक्स आहे. ०८ वर शिकलेला माणूस ०३ वर बसला की गिअर बदलताना गाडीला हिसका देतोच. याशिवाय कोळसा खाणी, पोलाद कारखाने, गोदी इथून आलेली रस्टन, हन्स्लेट, फाउलर, अँड्र्यू बार्कले अशा कंपन्यांची छोटी इंजिनं असतात. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकावर पास झालात म्हणून दुसऱ्यावर बसता येत नाही, त्यासाठी वेगळी परीक्षा असते.

नॅरोगेजकडे ओढा असेल तर लंडनच्या उत्तरेला लेटन बझर्ड आहे. वाळू वाहण्यासाठी १९१९ मध्ये सुरू झालेली ही दोन फुटी रेल्वे मुख्यतः बेडफर्डच्या 'सिम्प्लेक्स' इंजिनांची. आपल्या माथेरानच्या घाटात घाम गाळलेलं, ऑरेन्स्टाइन अँड कोपेलने बांधलेलं ७४० नंबरचं वाफेचं इंजिनही तिथे पोचलं आहे. नेरळच्या बाजूच्या कुणालाही ते बघून भरून येईल.

नाव कुठे आणि कसं नोंदवायचं

घरापासून तासाभरात पोचता येईल अशी रेल्वे निवडा. प्रसिद्धी बघू नका. सकाळी सातला यार्डात हजर राहायचं असतं, आणि त्या वेळी खेड्यातल्या स्टेशनवर बस जात नाही. गाडी नसेल तर आधी हे गणित सोडवा. मोठ्या रेल्वे, उदाहरणार्थ किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ १६ मैलांची सेव्हर्न व्हॅली, पाहायला उत्तम, पण तिथे विभाग अनेक आणि चढायच्या पायऱ्याही अनेक. पाच मैलांच्या कीथली अँड वर्थ व्हॅलीसारख्या किंवा त्याहून लहान रेल्वेवर एकच माणूस सकाळी रुळांवरचं गवत काढतो, दुपारी डबे जोडतो आणि संध्याकाळी इंजिन धुतो. नवशिक्याला तेच बरं.

आधी त्या रेल्वेच्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं लागतं, कारण बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकाचा विमा सदस्यत्वाशी जोडलेला असतो. मग अर्ज, ओळखीचा दिवस, वैद्यकीय तपासणी. डोळे आणि कान तर तपासतातच, शिवाय रंगांधळेपणा बघतात. लाल-हिरवा नीट ओळखता आला नाही तर रुळांवरचं सुरक्षेशी संबंधित काम मिळत नाही. तरी वर्कशॉप, रंगकाम, दुकान, कागदपत्रं यांचा रस्ता मोकळा असतो. त्यानंतर नियमांचं प्रशिक्षण आणि लेखी-तोंडी परीक्षा. "हौशी लोकांची रेल्वे, इतकं काय त्यात!" असं मनात असेल तर घरीच ठेवा. २००६ च्या सरकारी सुरक्षा नियमांनुसार अशा कामासाठी माणूस सक्षम असल्याची नोंद ठेवावी लागते, मग त्याला पगार असो वा नसो.

आता व्हिसा. स्टुडंट व्हिसावर कामाच्या तासांना मर्यादा असते, पदवीच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तास. इथले नियम निव्वळ स्वयंसेवा आणि कराराने बांधलेलं बिनपगारी काम या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. दुसरी त्या २० तासांत मोजली जाते. आपलं काम कुठल्या खान्यात बसतं हे विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराकडून लेखी घ्या. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना, समजा रेल्वेतून निवृत्त झालेले वडील भेटीला आले असतील तर, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते, आणि तोच भेटीचा मुख्य हेतू असून चालत नाही. इथेही एक खोच आहे: सगळ्या हेरिटेज रेल्वे धर्मादाय नसतात, काही कंपन्या असतात. आधी विचारा, मगच जा.

अंगावर काय हवं

घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पुढे पोलादी टोपी असलेले बूट. बाकी सगळ्यात काटकसर करा, बुटांत नको, कारण खडीवर पाय मुरगळायला एक क्षण लागतो. नारिंगी चकाकता कोट रेल्वे देते. आत लाल किंवा हिरवं काही घालू नका, लांबून ड्रायव्हरला तो हाताचा इशारा वाटू शकतो. अंगठी, कडं, गळ्यातली चेन, मंगळसूत्र, ओढणी, लोंबणारा मफलर हे सगळं काढून ठेवायचं. डबे जोडणाऱ्या कपलिंगच्या हुकात काहीही अडकू शकतं. जाड हातमोजे दोन जोड आणा, एक जोड दुपारपर्यंत तेलात भिजलेला असतो. आणि स्वतःचा चहाचा मग. लोको शेडमध्ये दुसऱ्याचा मग उचलणं हा गुन्हा समजतात.

यार्डात चालायचं कसं

पहिले काही दिवस तुम्हाला कुणी कशालाच हात लावू देणार नाही, नुसतं चालायला शिकवतील. रुळावर पाय ठेवायचा नाही, स्लीपरवरही नाही, कारण ओलं लाकूड घसरतं. रूळ सरळ काटकोनात ओलांडायचे, दोन्हीकडे बघून, न थांबता. उभ्या डब्याच्या टोकाला वळसा घालून जायचं असेल तर निदान २० मीटर लांबून. डबा उभा आहे म्हणजे तो उभाच राहील असं नाही. पलीकडच्या टोकाला कुणी इंजिन लावत असेल तर तो क्षणात सरकतो. दोन डब्यांमधल्या फटीतून शॉर्टकट मारायचा नाही, कधीच.

गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे हाताने बदलायचे असतील तर खटका टाकल्यावर खाली वाकून बघायचं, की सरकतं पातं मुख्य रुळाला नीट चिकटलं आहे का. मध्ये खडीचा एक तुकडा अडकला तरी पातं अर्धवट राहतं आणि चाक खाली उतरतं. हे प्रत्येक वेळी बघायचं, दहा मिनिटांपूर्वी तोच सांधा बघितला असला तरी.

सकाळी ०८ तयार करणं

इंजिनावर चढण्याआधी भोवती एक पूर्ण फेरी. कुठे लाल 'हलवू नका' पाटी लावलेली आहे का? असेल तर तिथेच थांबा. ज्याने लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने नाही. चाकांखाली ठोकळे आहेत का, हँडब्रेक घट्ट आहे का, ब्रेकचे ठोकळे किती झिजलेत, खाली तेल किंवा पाणी गळलंय का. मग वंगणाचं तेल डिपस्टिकने, रेडिएटरचं पाणी, डिझेल. वाळूच्या पेट्यांत वाळू कोरडी हवी. ओली वाळू नळीत घट्ट होऊन बसते आणि पावसात चाक घसरायला लागलं की नेमकी तेव्हाच पडत नाही. जोडदांड्यांच्या तेलाच्या वाट्या एकेक उघडून भरायच्या. हे काम नव्या माणसाकडे येतं, आणि ते आवडलं पाहिजे. दांड्याच्या कुठल्या बाजूला तेल कमी संपतं, कुठला बुश सैल झालाय, हे हळूहळू हातालाच कळायला लागतं.

मग बॅटरीचा स्विच, आणि त्या इंजिनाच्या कागदात लिहिलेल्या क्रमाने स्टार्ट. जनरेटर काही सेकंद मोटर बनून इंजिनाला फिरवतो, आधी जड घरघर, मग पहिला ठोका, आणि धुराचा एक लोट. तेलाचा दाब चढतोय ना, हे लगेच बघायचं. नाही चढला तर बंद करायचं. पुढे हवेचा दाब भरेपर्यंत वाट. इथे घाई करणारा ड्रायव्हर पुढे कधीतरी ब्रेकशिवाय निघणार, हे जुनी मंडळी ओळखून असतात. दाब भरला की ब्रेक लावून-सोडून बघायचा, आणि मगच ठोकळे आणि हँडब्रेक काढायचा.

डबा जोडणं: खरं काम

दौंडला किंवा मिरजेला गाडी थांबल्यावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावताना खाली उतरून बघत उभे राहिलेले आपल्यातले बरेच जण असतील. बाजूला दोन बफर, मध्ये हुक आणि स्क्रू कपलिंग, ही आपल्या जुन्या निळ्या डब्यांवर बघितलेली पद्धत मूळची इथलीच. त्यामुळे वस्तू ओळखीची वाटेल, शिस्त मात्र नव्याने शिकावी लागेल.

जे डबे उचलायचे त्यांचा हँडब्रेक लावलेला आहे याची खात्री शंटर स्वतः करतो. मग तो रुळाबाहेर, ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहतो आणि इंजिनाला बोलावतो. इंजिन थोडं अलीकडे पूर्ण थांबतं, मग गोगलगाईच्या चालीने पुढे येऊन बफरला बफर टेकवतं. नवा ड्रायव्हर इथे हमखास धडक देतो आणि रेस्टॉरंट डब्यातल्या कपबश्यांचा आवाज सगळ्या यार्डाला ऐकू जातो.

आता ड्रायव्हरला स्पष्ट सांगायचं: "मध्ये जातोय." ड्रायव्हर रिव्हर्सर, म्हणजे पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा, मधल्या जागी आणतो, ब्रेक पूर्ण लावतो आणि तेच शब्द परत उच्चारतो. उत्तर ऐकू आल्याशिवाय जायचं नाही. मान हलवली, हात केला, हे उत्तर नव्हे. मग बफरखालून वाकून आत. डोकं वर करायची घाई नको, वर बफरचा दांडा असतो आणि तो डोक्यापेक्षा टणक आहे. आत गेल्यावर दोन्ही पाय खडीत पक्के रोवायचे. कपलिंग उचलताना पाठ सरळ, गुडघ्यातून जोर, आणि एका झोक्यात कडी समोरच्या हुकात. ती नीट बसली की मधला दांडा फिरवून स्क्रू आवळायचा, बफर एकमेकांना जेमतेम दाबतील इतपत. सैल राहिलं तर प्रत्येक वेळी गाडी निघताना प्रवाशांना हिसका बसतो. स्क्रू फिरतच नसेल तर बळ लावू नका. आधी बाहेर या, मगच ड्रायव्हरला इंजिन जरासं दाबायला सांगा, आणि पुन्हा सगळे शब्द उच्चारून आत जा. या दुसऱ्या फेरीतच माणसं आळस करतात, "आताच तर सांगितलं होतं" म्हणून.

कपलिंगनंतर होज, म्हणजे ब्रेकचे पाइप. क्रम पक्का लक्षात ठेवा: जोडताना आधी कपलिंग मग पाइप, काढताना आधी पाइप मग कपलिंग. हवेच्या ब्रेकचा पाइप काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे कॉक (झडपा) बंद करायचे, नाहीतर सुटलेला पाइप चाबकासारखा उसळतो. व्हॅक्यूम ब्रेकच्या (हवा शोषून घेतली की सुटणाऱ्या ब्रेकच्या) पाइपमध्ये तो धोका नाही, तिथे ड्रायव्हरने आधी व्हॅक्यूम घालवलेलं असलं की झालं.

१९५० च्या दशकापासून बांधलेल्या मार्क १ डब्यांत डब्याला डबा 'बकआय' नावाच्या आपोआप अडकणाऱ्या कपलरने जोडलेला असतो. इंजिन लावताना त्याचं जड तोंड खाली पाडावं लागतं आणि मागचा हुक मोकळा करून त्यात इंजिनाचं स्क्रू कपलिंग घालावं लागतं. ते तोंड पाडताना खाली पाय किंवा हात असता कामा नये. हे शिकवणारा माणूस एकदा नुसतं पाडून दाखवतो, तो आवाज पुरतो.

शेवटी ब्रेकची चाचणी. ब्रिटनमध्ये व्हॅक्यूम ब्रेकचं माप साधारण २१ इंच पारा, पण ग्रेट वेस्टर्न या जुन्या रेल्वे कंपनीच्या इंजिनांचं २५. म्हणून ग्रेट वेस्टर्नच्या वाफेच्या इंजिनाने आणलेले डबे नंतर २१ इंचाच्या शंटरला लावले की ब्रेक सुटतच नाहीत. नवशिका म्हणतो शंटर बिघडला. जुना माणूस काही न बोलता डब्यांच्या कडेने चालत जातो आणि प्रत्येक डब्याखालची दोरी ओढत सुटतो. फुस्स आवाज झाला की तो डबा मोकळा.

ढकलताना कोण बघतं?

इंजिन मागे आणि डबे पुढे असले की ड्रायव्हर आंधळा असतो, त्याचे डोळे म्हणजे शंटर. हाताच्या इशाऱ्यांची पुस्तिका प्रत्येक रेल्वे देते, ती पाठच करावी लागते. एक इशारा मात्र आजच लक्षात ठेवा: दोन्ही हात डोक्यावर सरळ, म्हणजे थांब. अंधारात लाल दिवा, आणि तो हाताशी नसेल तर कुठलाही दिवा जोरजोराने हलवला तरी अर्थ तोच. शंटर दिसेनासा झाला तर ड्रायव्हरने थांबायचं, कारण विचारत बसायचं नाही.

रेडिओवर अंतर डब्यांच्या लांबीत मोजतात. मार्क १ डबा जवळपास २० मीटरचा, त्यामुळे "चार डबे… तीन… दोन… एक… अर्धा… सावकाश… थांब" असं सतत बोलत राहायचं. बोलणं तुटलं की ड्रायव्हर थांबतो, म्हणून शब्द शोधत बसू नका. इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्यांनी मुळीच काळजी करू नये. यार्डातलं इंग्रजी मोजक्या शब्दांचं असतं, आणि यॉर्कशायरच्या म्हाताऱ्या शंटरचं बोलणं लंडनवाल्यालाही कळत नाही.

गाडी ठेवून जाताना व्हॅक्यूमच्या भरवशावर कधीही सोडू नका, काही वेळाने ते गळून जातं. हँडब्रेक, शिवाय चाकाला ठोकळे, आणि शेवटचा डबा सांध्यापासून इतका आत की शेजारच्या रुळावरून जाणारी गाडी घासणार नाही.

ड्रायव्हरच्या खुर्चीपर्यंत

शंटर म्हणून पास झाल्यावर काही रेल्वे सेकंडमन, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, म्हणून घेतात, मग डिझेल शंटर ड्रायव्हरचं प्रशिक्षण. कंट्रोलर उघडणं सोपं आहे. अवघड आहे ते अँपमीटरकडे बघत हळूच ओढ देणं आणि ओल्या रुळावर पाच डबे मागे असताना ब्रेक कधी लावायचा हे ओळखणं. इंजिनाचा स्वतःचा ब्रेक आणि गाडीचा ब्रेक वेगळे असतात. नुसत्या इंजिनाच्या ब्रेकवर जड गाडी थांबवायला गेलात तर चाकं अडकतात, रुळावर घासत जातात आणि चाकावर चपटा डाग पडतो. पुढे ते चाक लेथवर चढेपर्यंत ठकठक करत तुमचं नाव सगळ्यांना सांगत राहतं. आणखी एक: गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्सरला हात लावायचा नाही, कितीही हळू चालली असली तरी.

हिवाळ्यात बऱ्याच रेल्वेवर प्रवासी गाड्या नसतात, आणि नेमकी तीच नाव नोंदवायची उत्तम वेळ. शेडमध्ये वायरब्रशने गंज घासणं, ब्रेकचे ठोकळे बदलणं, बॅटऱ्या चार्ज करणं, ज्या जुन्या इंजिनात गोठणरोधक नसतं त्याचं पाणी उतरवून ठेवणं, कारण एका थंड रात्रीत इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. काम घाणेरडं, हात गारठलेले, पण शिकवायला लोकांकडे वेळ असतो. उन्हाळ्यात तोच माणूस तीन गाड्यांच्या वेळापत्रकात अडकलेला असतो.

अर्जात रेल्वेच्या प्रेमाबद्दल परिच्छेद लिहू नका, तो सगळेच लिहितात. महिन्यातले कुठले दोन दिवस नक्की येऊ शकता ते लिहा, मोटार चालवता येते का, वेल्डिंग, वायरिंग किंवा सुतारकाम येतं का ते लिहा. काहीच येत नसेल तर "शंटिंग शिकायला तयार आहे, पावसातही" एवढं पुरतं.